मिंधेपणाची भीती: ‘ब्रेकिंग बॅड’मधली न घेतलेली मदत

‘ब्रेकिंग बॅड’ तुम्ही पाहिली आहे असं धरून पुढचं लिहिलंय. पाहिली नसेल तर इथेच थांबा आणि आधी ती बघून या. शेवटाबद्दल बोलल्याशिवाय मुद्दा पूर्ण होत नाही, त्यामुळे पुढे सगळंच फुटणार आहे.

थोडक्यात उजळणी करू. २० जानेवारी २००८ ते २९ सप्टेंबर २०१३ या काळात एएमसी या अमेरिकन वाहिनीवर ही मालिका चालली. पाच सीझन, ६२ एपिसोड. न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरात वॉल्टर व्हाइट नावाचा शाळामास्तर राहतो. केमिस्ट्री शिकवतो, आणि पगारात भागत नाही म्हणून शाळा सुटल्यावर एका कार वॉशच्या गल्ल्यावर बसतो. माणूस कमी पडला तर गाड्याही पुसतो, अगदी स्वतःच्या विद्यार्थ्याचीसुद्धा. वयाच्या पन्नाशीत त्याला फुफ्फुसाचा कॅन्सर असल्याचं कळतं. बायको स्कायलर गरोदर आहे, मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, शिल्लक सात हजार डॉलर. मग जेसी पिंकमन या जुन्या, उनाड विद्यार्थ्याला हाताशी धरून तो मेथ बनवायला लागतो. व्हिन्स गिलिगन यांनी आपल्या मालिकेचं वर्णन एका ओळीत केलं होतं: मिस्टर चिप्सचा स्कारफेस करायचा. म्हणजे सालस मास्तराचा गुंडांचा सरदार.

ही ओळ इतकी गाजली की आजही मालिकेबद्दल बोलताना आपण तेच वेगळ्या शब्दांत सांगतो. साधा माणूस, कॅन्सर, पैशांची चणचण, एक चुकीचं पाऊल, मग दुसरं, आणि हळूहळू पतन. मला यातला ‘हळूहळू’ खटकतो. वॉल्ट घसरत गेला असं म्हटलं की जमीनच निसरडी होती असं वाटायला लागतं. मालिका मात्र त्याला थांबायला एक पक्की जागा देते, आणि तीही फार लवकर, ६२ पैकी पाचव्या एपिसोडमध्ये. त्या एपिसोडमध्ये कुणी मरत नाही, बंदूक निघत नाही. फक्त एक माणूस दुसऱ्याला मदत देऊ करतो आणि दुसरा ती नाकारतो. माझ्या मते अख्खी मालिका त्या नकाराची गोष्ट आहे.

मॅगीवर जगलेले दोन मित्र

पाचवा एपिसोड आठवून बघा. एलियट श्वार्ट्झच्या वाढदिवसाची पार्टी आहे. एलियट म्हणजे वॉल्टचा विद्यार्थिदशेतला मित्र. दोघांनी मिळून एक कंपनी काढली होती, ‘ग्रे मॅटर’. श्वार्ट्झ म्हणजे जर्मनमध्ये काळा, व्हाइट म्हणजे पांढरा, दोन्ही मिळून करडा. दोन नर्ड मुलांनी ठेवावं असंच नाव. वॉल्ट लवकरच बाहेर पडला आणि कंपनी पुढे अफाट वाढली. वॉल्टची एकेकाळची प्रेयसी ग्रेचेन आता एलियटची बायको आहे. पार्टीत कुणी एलियटला एरिक क्लॅप्टनची गिटार देतं, आणि वॉल्टने आणलंय स्वस्तातल्या रामेन नूडल्सचं पाकीट. शिकत असताना हे दोघं त्यावर दिवस काढायचे.

तुमच्यापैकी ज्यांनी मास्टर्स किंवा पीएचडीची वर्षं मॅगीवर काढली आहेत त्यांना या भेटीचा अर्थ समजावून सांगायला नको. एलियटलाही नको. ते पाकीट बघून त्याला झालेला आनंद खरा आहे. वॉल्ट मात्र ओशाळलेला आहे. समोरचा मनापासून घेतोय हे त्याला दिसतच नाही, त्याला फक्त बाकीच्या भेटींच्या किमती दिसतात.

नंतर एलियट त्याला कंपनीत नोकरी देऊ करतो, चांगल्या इन्शुरन्ससकट. वॉल्टच्या लक्षात येतं की स्कायलरने याला कॅन्सरबद्दल सांगितलंय. झालं. पुढे घरी सगळं कुटुंब एक उशी हातात घेऊन आळीपाळीने बोलतं, ग्रेचेन फोन करून उपचारांचा सगळा खर्च उचलायची तयारी दाखवते, आणि वॉल्ट तिला सांगतो की इन्शुरन्सचं काम झालंय, काळजी नको. मग तो थेट जेसीच्या दारात जाऊन उभा राहतो आणि पुन्हा मेथ बनवायचं का, असं विचारतो.

इथपर्यंत वॉल्टच्या हातून दोन माणसं मेलेली आहेत, हे मी विसरलेलो नाही. पण ते घडलं तेव्हा तो घाबरलेला, कोंडीत सापडलेला होता. तिसऱ्या एपिसोडमध्ये क्रेझी एटला मारावं की सोडावं याची तो कागदावर यादी करतो. मारू नये याची कारणं भराभर सुचतात, आणि मारावं याच्या बाजूला एकच कारण उरतं: सोडला तर तो आपल्या घरच्यांना मारेल. त्या खुनानंतर तो या धंद्यातून बाहेरही पडतो. तेवढ्यापुरतं ‘नाइलाज होता’ हे म्हणणं मान्य करता येईल. पाचव्या एपिसोडनंतर ते मान्य करता येत नाही, कारण आता उपचारांचे पैसे समोर आलेत आणि ते देणारा काही मागत नाहीये.

एक मराठी शब्द

या माणसाला नेमकं काय झालंय हे सांगायला अहंकार, गर्व, पुरुषी ताठा असे शब्द वापरले जातात. चुकीचे नाहीत ते, पण थोडे ढोबळ आहेत. आपल्याकडे जास्त नेमका शब्द आहे: मिंधा. ज्याने कुणाकडून काही घेतलंय आणि म्हणून ज्याला त्याच्यासमोर ताठ मानेने उभं राहता येत नाही, तो मिंधा. घरात हा शब्द तुम्ही ऐकला असेल. दोन घास कमी खाऊ पण कुणाचं मिंधं राहायचं नाही, असं म्हणणारे एखादे आजोबा किंवा मावशी बहुतेक घरांत निघतात.

या शब्दामागे खरा अनुभव आहे. ज्यांच्या मागच्या पिढ्या सावकाराच्या ओट्याखाली उभ्या राहिल्या, त्यांच्यासाठी कुणाचं मिंधं न राहणं म्हणजे स्वातंत्र्यच. तेव्हा देणारा दिलेल्याची किंमत वसूल करायचा, पैशात नाही तर लाचारीत. म्हणून नकार देणं हा शहाणपणा होता, आणि तो मुलांना शिकवला गेला हे बरोबरच झालं.

अडचण अशी आहे की शिकवण पुढच्या पिढीत पोचते तेव्हा तिच्यामागचं कारण वाटेत गळून पडतं. समोर सावकार आहे की मित्र, हे न बघताच नकार दिला जातो. वॉल्टचं तेच होतं. एलियट किंवा ग्रेचेनने त्याला कधी वाकवायचा प्रयत्न केल्याचं मालिका दाखवत नाही. दुसऱ्या सीझनमध्ये हॉटेलातल्या टेबलावर दोघं समोरासमोर बसतात तेव्हा वॉल्ट ग्रेचेनला म्हणतो की तुम्ही माझ्या कष्टांवर श्रीमंत झालात. तिची आठवण वेगळी आहे: सुट्टीत तिच्या वडिलांच्या घरी सगळे जमलेले असताना हा अचानक बॅग भरून निघून गेला होता, आणि का ते तिला कधी कळलंच नाही. नेमकं काय घडलं हे मालिका स्पष्ट करत नाही आणि ते फार चांगलं करते. एवढं कळतं की तिच्या पैसेवाल्या माणसांमध्ये या माणसाला आपण लहान वाटलो, आणि ते तो कुणाला सांगू शकला नाही.

संशोधन करणाऱ्यांना यातली आणखी एक नस ओळखीची वाटेल. वॉल्टच्या घरी भिंतीवर १९८५ सालची एक पाटी आहे. नोबेल मिळालेल्या संशोधनात त्याचा हातभार होता, क्रिस्टलोग्राफीच्या एका प्रकल्पाचा तो प्रमुख होता, असं तिच्यावर लिहिलंय. (१९८५चं केमिस्ट्रीचं खरं नोबेल क्रिस्टलांची रचना शोधण्याच्या पद्धतींसाठीच होतं, हाउप्टमन आणि कार्ल यांना मिळालेलं. लेखकांनी अभ्यास केला होता.) हातभार, म्हणजे पेपरवर नाव कुठेतरी मधे. पाचव्या सीझनमध्ये तो जेसीला सांगतो की ग्रे मॅटरमधला वाटा त्याने ५ हजार डॉलरला विकला, आज कंपनी २१६ कोटी डॉलरची आहे, आणि तो आकडा तो दर आठवड्याला बघतो. दर आठवड्याला! कॅन्सर काल-परवाचा, ही जखम त्याच्या कितीतरी आधीची. त्याच एपिसोडमध्ये त्याच्या वाट्याच्या मालाचे ५० लाख डॉलर मिळत असतात. जेसीला तेवढे खूप वाटतात. वॉल्टला विकणं जमत नाही, एकदा विकून झालंय म्हणून.

एका खोट्याचा प्रवास

आता पाचव्या एपिसोडनंतर काय होतं बघा. घरी वॉल्ट काय सांगतो? उपचारांचे पैसे एलियट आणि ग्रेचेन देत आहेत. मदत त्याने घेतली नाही, पण ती घेतल्याचं नाव मात्र वापरलं. मिंधं होणं टाळायला त्याने मेथ बनवलं आणि ते लपवायला मिंधं झाल्याचं नाटक केलं. स्कायलर बिचारी ग्रेचेनचे आभार मानते आणि ग्रेचेनला कळत नाही की कशाबद्दल. बिंग फुटायची वेळ येते तेव्हा वॉल्ट घरी सांगतो की ते दोघं स्वतःच अडचणीत आलेत, आता पैसे मिळणार नाहीत. ज्यांचं मोठेपण सहन होत नव्हतं त्यांना तो तोंडी का होईना, कंगाल करून टाकतो.

पुढे मुलगा वडिलांसाठी वेबसाइट काढतो, लोकांनी मदत करावी म्हणून. वॉल्टला ही भीक वाटते. मग सॉल गुडमन या वकिलाला त्यातून युक्ती सुचते: वॉल्टचेच मेथचे पैसे जगभरातून आलेल्या छोट्या छोट्या देणग्यांच्या रूपात त्या साइटवर वळवायचे. कॉम्प्युटर टिंग करतो, मुलगा हरखतो, जगात किती चांगली माणसं आहेत म्हणतो. वॉल्ट तिथेच बसलेला असतो आणि त्याच्या चेहऱ्यावर मत्सर असतो. ब्रायन क्रॅन्स्टन यांच्या अभिनयाबद्दल खूप लिहून झालंय. पण माझ्यासाठी त्यांचं सगळ्यात अवघड काम म्हणजे आरडाओरड्याचे, दरारा बसवणारे प्रसंग नव्हेत, तर कल्पनेतल्या परोपकारी लोकांचा हेवा करणारा हा बाप.

मग हँक. स्कायलरचा मेहुणा, ड्रग्जविरोधी खात्यातला अधिकारी. त्याला गोळ्या लागतात, चालता येत नाही, आणि त्याचा इन्शुरन्स पुरेशी फिजिओथेरपी द्यायला तयार नाही. इथे पैसे वॉल्टचे जातात. जुगारात जिंकले, अशी गोष्ट स्कायलर रचते आणि हँकची बायको मरी ते घेते. हँकला पत्ताच नाही. नंतर हँकला वॉल्टचं खरं रूप कळतं तेव्हा वॉल्ट कॅमेऱ्यासमोर एक खोटा कबुलीजबाब रेकॉर्ड करतो, ज्यात सगळ्याचा सूत्रधार हँक आहे आणि पुरावा म्हणून उपचारांचे ते १ लाख ७७ हजार डॉलर. मरी मान्य करते की घेतले होते. त्या क्षणी हँकचा चेहरा बघा. मिंधेपणाला जन्मभर घाबरलेल्या माणसाने दुसऱ्याला न कळू देता मिंधं केलंय आणि आता त्याची किंमत वसूल करतोय. ज्या सावकाराच्या भीतीने आपण हात आखडते घेतो, तो सावकार या मालिकेत एकच आहे, आणि तो वॉल्टर व्हाइट आहे.

स्कायलरचा गुन्हा

मालिका चालू असताना प्रेक्षकांनी स्कायलरचा जो द्वेष केला तो तुम्ही ऐकून असाल. ती भूमिका करणाऱ्या ॲना गन यांनी २०१३च्या ऑगस्टमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यावर लेख लिहिला. पात्राचा राग नटीवर निघू लागला होता आणि त्यामागे बाईकडून असलेल्या अपेक्षा होत्या, असं त्यांचं म्हणणं. ते पटण्यासारखं आहे.

त्यात एक भर घालावीशी वाटते. स्कायलर पहिल्यांदा ‘वाईट’ कधी ठरते? ती एलियटला कॅन्सरबद्दल सांगते तेव्हा. आपल्या भाषेत सांगायचं तर घरातलं बाहेर बोलते. या मालिकेत न लाजता मदत मागणारी ती पहिली मोठी व्यक्ती आहे, आणि तिच्या त्या एका बोलण्याने ६२ एपिसोडांचं सगळं रक्त टळू शकलं असतं. तरी बघताना आपल्याला काय वाटतं? अरे, त्याला न विचारता कशाला सांगितलं हिने? तुम्हाला तसं वाटलं असेल तर तेवढ्यापुरतं तुम्ही वॉल्टच्या बाजूला बसला आहात. मालिका आपल्याला तिथे बसवते आणि बराच वेळ उठू देत नाही. ती तिची ताकद आहे आणि थोडी लबाडीही. कारण वॉल्टच्या हुशारीवर कॅमेरा जितका रेंगाळतो तितका त्याचं मेथ ओढणाऱ्यांवर रेंगाळत नाही. दुसऱ्या सीझनमधलं ते व्यसनी जोडपं आणि त्यांच्या घाणीतलं उपाशी, मुकं मूल सोडलं, तर माल कुठे जातो आणि काय करतो हे फारसं समोर येत नाही. निळे खडे सुंदर दिसत राहतात.

पण इन्शुरन्सचं काय?

इंटरनेटवर एक जुना विनोद फिरतो: हीच गोष्ट कॅनडात घडली असती तर उपचार फुकट झाले असते आणि मालिका पहिल्या एपिसोडात संपली असती. विनोद चांगला आहे, आणि अमेरिकेत राहणाऱ्यांना त्यातला राग वेगळा सांगायला नको. आजारी माणसाला कोट्यधीश मित्र असणं याला आरोग्यव्यवस्था म्हणत नाहीत. हँक तर केंद्र सरकारचा अधिकारी, गोळ्या खाल्लेला, तरी त्यालाही पुरेसं मिळत नाही. मालिकेची ही टीका खरी आहे.

पण या टीकेने वॉल्टचा उलगडा होत नाही, आणि लेखकांनी ते मुद्दाम होऊ दिलेलं नाही. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला वॉल्ट हिशेब करतो: मुलांचं कॉलेज, घराचं कर्ज, सगळं धरून ७ लाख ३७ हजार डॉलर पुरेत. आकडा ठरला. तो आकडा केव्हाच मागे पडतो. पाचव्या सीझनमध्ये स्कायलर त्याला भाड्याच्या गोदामात नेऊन पैशांचा ढीग दाखवते, जो तिला मोजताही येत नाहीये, आणि विचारते की हा ढीग अजून किती मोठा व्हायला हवा. गरज आकड्यात सांगता येते. दुखावलेपण कितीने भरून निघेल याचा आकडा वॉल्टलाही माहीत नाही.

जेसी याच्या नेमका उलट आहे. वॉल्टला घेता येत नाही, जेसीला ठेवता येत नाही. आपल्यामुळे मेलेल्यांच्या घरी पैसे पोचवावेत म्हणून तो ५० लाख डॉलर वाटायला निघतो. ते जमू दिलं जात नाही तेव्हा रात्री गाडी चालवत नोटांची बंडलं गरीब वस्तीतल्या घरांपुढे फेकत जातो. ॲरन पॉल यांनी हा प्रसंग एकही शब्द न बोलता केलाय. ते दान नाही, नुसती असह्यता आहे. तरी पैसा कुणाचा आणि कसा आला हे विचारणारा या जोडगोळीत तोच एक आहे.

आपण फोनवर काय सांगतो

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? कारण देश सोडून आलेल्या माणसाला मिंधेपणाची भीती दुप्पट असते. इथल्यांसमोर कमी पडायचं नाही आणि तिकडच्यांनाही कळू द्यायचं नाही. एच-वन-बीवर असताना नोकरी गेली तर नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि त्या दिवसांत रविवारी घरी फोन लावून आपण काय सांगतो? मस्त चाललंय. गाइडशी बिनसलंय, फंडिंग थांबलंय, झोप लागत नाही; उत्तर तेच, मस्त चाललंय. त्यांना उगाच टेन्शन नको, हे कारण खरं असतंच. पण त्याखाली दुसरंही एक असतं: आपण कमी पडलो हे कुणी बघू नये. वॉल्टसुद्धा पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘घरच्यांसाठी’ हाच शब्द वापरतो.

परदेशातल्या मराठी माणसांत एखादा अचानक गेला तर मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भराभर पैसे जमतात, डबे पोचतात, कुणी कागदपत्रांच्या मागे लागतं. देणारे आहेत, हे आपल्याला माहीत आहे. अवघड जातं ते आपण जिवंत असताना मागणं. यामुळे कुणी मेथ बनवायला जात नाही, एवढं नाटक करायची गरज नाही. पण कर्जावर कर्ज, खोट्यावर खोटं, मित्रांना टाळणं, एवढं तर होतंच.

शेवटचा नकार

आता शेवटाकडे. वॉल्ट न्यू हॅम्पशरच्या बर्फात एका लाकडी घरात लपलाय. सामान आणून देणाऱ्या माणसाला तो म्हणतो, थोडा वेळ थांबशील का? आणि एका तासाच्या सोबतीचे १० हजार डॉलर देतो. पत्ते खेळायला. आयुष्यात पहिल्यांदाच खरोखर काहीतरी हवंय, आणि तेसुद्धा त्याला विकतच घेता येतं.

मग तो मुलाला शाळेत फोन करतो, पैसे पाठवतोय म्हणून. मुलगा किंचाळून नाही म्हणतो. तुमचे पैसे नकोत, तुम्ही मरत का नाही? या मालिकेत नकार खूप आहेत. त्यातला हा मला सगळ्यात स्वच्छ वाटतो, कारण मुलगा स्वतःचं मोठेपण राखायला नाही म्हणत नाहीये. पैशांना रक्त लागलंय म्हणून म्हणतोय. वॉल्ट हरतो, पोलिसांना स्वतःहून फोन लावून बसतो. तेवढ्यात बारमधल्या टीव्हीवर एलियट आणि ग्रेचेन दिसतात. व्यसनमुक्तीसाठी २ कोटी ८० लाख डॉलरची देणगी दिली आहे आणि ते सांगताहेत की कंपनीत वॉल्टचा वाटा नावापुरताच होता. वॉल्ट उठतो. मुलाच्या शापाने खचलेला माणूस जुन्या अपमानाने ताठ उभा राहतो.

शेवटच्या एपिसोडमध्ये तो श्वार्ट्झ जोडप्याच्या घरी जातो. त्यांच्याच हातांनी ९७ लाख २० हजार डॉलर आत आणवून टेबलावर रचायला लावतो. मुलाच्या अठराव्या वाढदिवशी हे पैसे ट्रस्टमधून द्यायचे, तुमचे म्हणून. वकिलाचा खर्च, कर, सगळं यातूनच. तुमचा स्वतःचा एक पैसाही घालायचा नाही. आणि नाही दिलेत तर बाहेर मारेकरी आहेत. (मारेकरी कसले, लेझरचे ठिपके पाडणारे दोन गांजेकस.)

बहुतेकांना हा प्रसंग गोड वाटतो: शेवटी घरच्यांची सोय झाली. मला तो मालिकेतला सगळ्यात क्रूर प्रसंग वाटतो. पाचव्या एपिसोडमधलं खोटं आठवा: पैसे एलियट आणि ग्रेचेन देत आहेत. ५७ एपिसोडांनंतर वॉल्टने तेच खोटं धाक दाखवून कायमचं पक्कं केलंय. मदत शेवटपर्यंत घेतली नाही, एका पैशाचीही नाही. आणि मुलाचा तो स्वच्छ नकार? तो त्याने मोडून काढला. उद्या तो मुलगा त्या पैशांवर शिकेल, श्वार्ट्झ कुटुंबाचे मनापासून आभार मानेल, आणि ज्याच्याकडून काहीच घ्यायचं नव्हतं त्याचाच मिंधा होऊन बसेल. हँकसारखाच, न कळता.

नंतर स्कायलरसमोर वॉल्ट कबूल करतो की हे सगळं मी माझ्यासाठी केलं, मला ते आवडत होतं. हा त्याचा प्रामाणिकपणाचा क्षण म्हणून वाखाणला जातो, आणि आहेही. पण त्या ९७ लाखांबद्दल तो तेव्हाही तिला काही कळू देत नाही. शेवटचा एपिसोड सगळे धागे इतके नीटनेटके बांधतो की आपण टाळ्या वाजवून उठतो आणि हा धागा सुटाच राहिलाय हे लक्षात येत नाही. तो लेखकांनी मुद्दाम तसा ठेवला की वॉल्टवरच्या मायेपोटी त्यांच्याही नजरेतून निसटला, यावर वाद होऊ शकतो. मालिका चांगली आहे म्हणूनच हा वाद घालावासा वाटतो.

पुन्हा बघणार असाल तर सगळे ६२ बघायला वेळ काढायची गरज नाही. पहिल्या सीझनचा पाचवा आणि शेवटचा, हे दोन एपिसोड एका बैठकीत पाठोपाठ बघा. दोन्हींत वॉल्ट त्याच जोडप्याकडे काहीतरी घेऊन आलेला आहे. एकात रामेनचं पाकीट, दुसऱ्यात नोटांचा ढीग. ते पाकीट घेताना एलियट कसा हसतो तेवढं नीट बघून घ्या.